विषमुक्त ताट : घराचे काम आणि राज्याचे काम

"डॉक्टर, आईसाठी सेंद्रिय भाजी सुरू करावी का?" हा प्रश्न अलीकडे माझ्या दवाखान्यात रक्तदाबाच्या गोळीइतकाच वारंवार विचारला जातो. विचारणारे बहुधा शुश्रूषा करणारे असतात : कधी मुलगा, कधी सून, कधी माहेरी येऊन राहिलेली लेक. प्रश्नामागे माया असते आणि थोडी भीतीही. ज्या वृद्ध माणसाचे यकृत आणि मूत्रपिंड आधीच थकलेले आहे, त्याच्या ताटात आणखी विष तर जात नाही ना, ही ती भीती.

या प्रश्नाचे अर्धे उत्तर स्वयंपाकघरात आहे आणि उरलेले अर्धे राज्य सरकारच्या कृषी खात्यात. पहिल्या अर्ध्याविषयी या सदरातून आपण पुष्कळदा बोलतो. दुसऱ्या अर्ध्याविषयी डॉक्टरांनी बोलावे का, असे कोणी विचारील. परंतु आपल्या राज्यघटनेने शेती आणि सार्वजनिक आरोग्य हे दोन्ही विषय एकाच यादीत, म्हणजे राज्यसूचीत, ठेवले आहेत. तेव्हा ताट आणि शेत यांचा विचार एकत्र करण्यात वावगे काही नाही.

वैद्यकशास्त्र काय सांगते?

प्रथम जे ठामपणे सांगता येते ते सांगतो. सेंद्रिय पद्धतीने पिकवलेल्या अन्नात कीटकनाशकांचे अवशेष कमी आढळतात, याविषयी संशोधकांत फारसा मतभेद नाही. पोषणमूल्यांच्या बाबतीत मात्र चित्र संमिश्र आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. जीवनसत्त्वांत मोठा फरक त्यांना आढळला नाही. २०१४ मधील दुसऱ्या एका मोठ्या आढाव्यात सेंद्रिय पिकांत काही प्रतिऑक्सिडक द्रव्ये अधिक आणि कॅडमियम हा जड धातू कमी आढळला.

कर्करोगाच्या बाबतीतही असेच आहे. सुमारे ६९ हजार फ्रेंच प्रौढांच्या अभ्यासात (२०१८) सर्वाधिक सेंद्रिय अन्न घेणाऱ्यांत कर्करोगाचे प्रमाण कमी दिसले. ब्रिटनमधील सहा लाखांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासात (२०१४) मात्र एकूण कर्करोगात अशी घट दिसली नाही. सेंद्रिय अन्न घेणारी माणसे बहुधा सुस्थित, शिक्षित आणि व्यायाम करणारी असतात, त्यामुळे नेमका लाभ कशाचा, हे वेगळे काढणे अवघड जाते.

म्हणून पेन्शनीवर जगणाऱ्या जोडप्याने सेंद्रिय भाजीच्या दुप्पट भावापायी डाळ, दूध किंवा फळे कमी केली, तर तो व्यवहार तोट्याचा आहे. भाजीपाला आणि फळे भरपूर खाण्याचा लाभ निर्विवाद आहे. ती सेंद्रिय असण्याचा अधिकचा लाभ संभाव्य आहे. निर्विवाद लाभाचा बळी देऊन संभाव्य लाभ विकत घेऊ नये.

शेतकरीही रुग्णच आहे

मग सेंद्रिय शेतीची निकड कोठे आहे? ती सर्वांत आधी फवारणी करणाऱ्या माणसाच्या शरीरात आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शेकडो रुग्णालयात दाखल झाले. डोक्यापर्यंत वाढलेली कपाशी, दमट हवा, अनेक औषधांचे मिश्रण, अंगावर ना हातमोजे ना मुखपट्टी. श्वासातून आणि घामेजल्या त्वचेतून विष आत गेले.

सेंद्रिय फॉस्फरस गटातील कीटकनाशके आपल्या मज्जासंस्थेतील कोलिनएस्टरेज या विकराचे काम बंद पाडतात. दरदरून घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणे, स्नायू थरथरणे आणि अखेर श्वास कोंडणे, हा त्याचा क्रम. (या गटाच्या नावातील 'सेंद्रिय' शब्द रसायनशास्त्रातला आहे. सेंद्रिय शेतीशी त्याचा संबंध नाही.)

ही झाली तीव्र विषबाधा. वर्षानुवर्षे थोड्या थोड्या प्रमाणात होणाऱ्या संपर्काचा आणि पार्किन्सन या कंपवाताच्या विकाराचा संबंध जगभरच्या अनेक अभ्यासांत दिसून आला आहे. आपल्या वाचकांपैकी अनेकांनी उमेदीच्या काळात पाठीवर पंप बांधून फवारणी केली असेल. त्यांच्या हाताला विसाव्यात कंप येऊ लागला, चाल मंदावली, अक्षर बारीक होऊ लागले, तर 'वयामुळे होते' असे म्हणून सोडून देऊ नये. डॉक्टरांना शेतीतील पूर्वीच्या कामाची माहिती आवर्जून द्यावी.

ग्राहकाच्या ताटात अवशेष अत्यल्प मात्रेत येतात. शेतकऱ्याच्या अंगावर मूळ द्रावणच पडते. त्यामुळे सेंद्रिय शेतीच्या धोरणाकडे शहरातील सुखवस्तू कुटुंबांची हौस म्हणून पाहणे मला पटत नाही. तो सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे.

सिक्कीमची तेरा वर्षे

राज्य सरकार मनावर घेईल तर काय करू शकते, याचे आपल्याच देशातील उदाहरण सिक्कीमचे आहे. २००३ मध्ये मुख्यमंत्री पवनकुमार चामलिंग यांच्या सरकारने राज्य सेंद्रिय करण्याचा संकल्प विधानसभेत मांडला. त्यानंतर रासायनिक खतांवरील अनुदान टप्प्याटप्प्याने कमी करण्यात आले, विक्री केंद्रे बंद होत गेली आणि त्याच वेळी गांडूळखताचे खड्डे, माती तपासणी आणि प्रशिक्षण यांवर खर्च वाढला. २०१० मध्ये सिक्कीम सेंद्रिय मिशन सुरू झाले, २०१४ मध्ये रसायनांच्या वापराला आळा घालणारा कायदा आला आणि जानेवारी २०१६ मध्ये सुमारे ७५ हजार हेक्टर प्रमाणित क्षेत्रासह सिक्कीम हे देशातील पहिले पूर्ण सेंद्रिय राज्य म्हणून घोषित झाले. २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या सहभागाने दिला जाणारा धोरणविषयक सुवर्ण पुरस्कार या राज्याला मिळाला.

या कथेतील अडचणीही सांगितल्या पाहिजेत. सिक्कीम लहान, डोंगराळ राज्य आहे. तेथे रसायनांचा वापर पूर्वीपासूनच कमी होता. धान्याची बरीच गरज बाहेरून आलेल्या, बिगर-सेंद्रिय मालावर भागते. उत्पादन घटल्याच्या आणि मालाला अपेक्षित भाव न मिळाल्याच्या तक्रारी तेथील शेतकऱ्यांनी केल्या आहेत. मोठी वेलची, आले, हळद यांसारख्या पिकांना सेंद्रिय शिक्क्याने बाजार मिळू शकतो. परंतु गोदाम, वाहतूक आणि प्रक्रिया उद्योग नसेल तर शिक्का कागदावरच राहतो. तरीही सरकारने तेरा वर्षांचा अवधी दिला, ही या प्रयोगातील सर्वांत शहाणपणाची गोष्ट होती.

एकाच देशाचे दोन निर्णय

घाई केल्यास काय होते, हे श्रीलंकेने दाखवले. २०२१ च्या पूर्वार्धात तेथील सरकारने रासायनिक खते व कीटकनाशकांच्या आयातीवर जवळजवळ एका रात्रीत बंदी घातली. पर्यायी खत पुरेसे नव्हते, शेतकऱ्यांना प्रशिक्षण नव्हते. भाताचे उत्पादन कोसळले, चहालाही फटका बसला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपर्यंत बंदी मागे घ्यावी लागली.

याच देशाने पूर्वी एक वेगळा निर्णय घेतला होता. अत्यंत विषारी सेंद्रिय फॉस्फरस कीटकनाशकांवर १९९५ मध्ये आणि एंडोसल्फानवर १९९८ मध्ये श्रीलंकेने बंदी घातली. १९९५ ते २००५ या दहा वर्षांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले. संतापाच्या किंवा नैराश्याच्या क्षणी हाताशी येणारे विष कमी घातक झाले आणि हजारो माणसे वाचली. पीक उत्पादनात त्यामुळे घट झाल्याचे दिसले नाही.

दोन्ही निर्णय रसायनांविरुद्धचेच होते. पहिल्यात सगळेच एकदम हिरावून घेतले गेले. दुसऱ्यात सर्वांत घातक ते निवडून काढले आणि शेतकऱ्याला पर्याय उरू दिला. राज्यांना यातून क्रम शिकता येईल : आधी अतिविषारी औषधे, मग अनावश्यक फवारणी, आणि त्याबरोबरीने सेंद्रिय शेतीची उभारणी. केरळने २०११ मध्ये १४ अतिविषारी कीटकनाशकांवर राज्यापुरती बंदी घातली, ती याच वाटेवरची पायरी होती.

बायाबापड्यांची शाळा

आंध्र प्रदेशाने आणखी निराळी वाट धरली. 'रयतु साधिकार संस्था' या सरकारी कंपनीमार्फत २०१६ पासून तेथे नैसर्गिक शेतीचा कार्यक्रम चालतो. या पद्धतीच्या प्रचारात ज्यांचा मोठा वाटा आहे ते सुभाष पाळेकर आपल्या अमरावती जिल्ह्यातले. जीवामृत, बीजामृत, आच्छादन हे शब्द आपल्या शेतकऱ्यांना नवे नाहीत. आंध्रचे वेगळेपण शिकवण्याच्या रीतीत आहे. ज्या शेतकऱ्याने स्वतःच्या रानात ही पद्धत यशस्वी केली, त्यालाच मानधन देऊन शेजारच्या गावात शिक्षक म्हणून पाठवायचे आणि महिला बचत गटांना या कामाचा कणा करायचे, ही ती रीत. आज लाखो शेतकरी या कार्यक्रमाशी जोडलेले आहेत. २०२४ चा गुलबेंकियन पुरस्कार ज्यांना विभागून मिळाला, त्यांत हा कार्यक्रम आहे.

आम्हा डॉक्टरांना यात नवल वाटत नाही. मधुमेहाच्या रुग्णाला पथ्य पटवून देताना माझ्या अर्ध्या तासाच्या व्याख्यानापेक्षा प्रतीक्षागृहात शेजारी बसलेल्या जुन्या रुग्णाची दोन वाक्ये अधिक परिणाम करतात. सवय बदलते ती आपल्यासारख्या माणसाचे पाहून.

परदेशी ग्राहकासाठी एक चाळणी, आपल्यासाठी दुसरी?

आता तपासणीविषयी. २००३ मध्ये युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अवशेष सापडले आणि माल अडकला. त्यानंतर निर्यातीच्या द्राक्षांसाठी बागेच्या नोंदणीपासून प्रयोगशाळेतील तपासणीपर्यंत काटेकोर यंत्रणा उभी राहिली. पुण्याजवळच्या मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची संदर्भ प्रयोगशाळा तिचा आधार आहे. नाशिकचा बागायतदार आज कोणते औषध काढणीपूर्वी किती दिवस बंद करायचे, याचा हिशेब बोटांवर सांगतो. पंजाब सरकारही अलीकडच्या वर्षांत बासमतीच्या काढणीआधी ठराविक कीटकनाशकांच्या विक्रीवर ६० दिवसांची बंदी घालत आले आहे, कारण परदेशी खरेदीदार अवशेष खपवून घेत नाही.

म्हणजे हे काम आपल्याला जमते. प्रश्न इतकाच की, रॉटरडॅमच्या आजीबाईंसाठी जी काळजी घेतली जाते ती नाशिकच्या आजीबाईंसाठी का घेऊ नये? केरळ कृषी विद्यापीठाची वेल्लायणी येथील प्रयोगशाळा बाजारातील भाज्यांचे नमुने नियमितपणे तपासून कोणत्या भाजीत काय आढळले, हे जाहीर करते. प्रत्येक महसूल विभागात अशी एक प्रयोगशाळा असावी आणि तिचे निष्कर्ष वर्तमानपत्रांतून दर महिन्याला प्रसिद्ध व्हावेत. ग्राहकाला माहिती मिळाली की बाजार आपोआप सुधारू लागतो.

हमखास गिऱ्हाईक

रासायनिक शेतीतून सेंद्रियकडे वळताना हंगामी पिकांसाठी साधारण दोन वर्षांचा आणि फळबागांसाठी तीन वर्षांचा परिवर्तन काळ धरला जातो. या काळात उत्पादन अनेकदा घटते आणि सेंद्रिय म्हणून भावही मिळत नाही. शेतकरी मोडतो तो येथेच. केंद्राच्या परंपरागत कृषी विकास योजनेतून गटांना अनुदान मिळते. पण अनुदानापेक्षा मोठा आधार म्हणजे हमखास गिऱ्हाईक.

डेन्मार्कच्या कोपनहेगन शहराने हे करून दाखवले. तेथील पालिकेने आपल्या बालवाड्या आणि वृद्धाश्रमांच्या स्वयंपाकघरांतील सेंद्रिय अन्नाचे प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास नेले. त्यासाठी अन्नखर्चाचा डोंगर उभा राहिला नाही. आचाऱ्यांना नव्याने शिकवले, मांस कमी केले, हंगामी भाज्या वाढवल्या आणि वाया जाणारे अन्न वाचवले. आपल्याकडे अंगणवाड्या, शालेय पोषण आहार, आश्रमशाळा, जिल्हा रुग्णालये आणि शासकीय वृद्धाश्रम रोज लाखो ताटे वाढतात. तिरुमला तिरुपती देवस्थानाने आंध्रच्या नैसर्गिक शेतीचा माल विकत घेण्यास सुरुवात केली होती. आपली मोठी देवस्थानेही हे करू शकतील.

महाराष्ट्रात पाया घातला गेलेला आहे. विदर्भातील शेतकरी आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी २०१८ मध्ये डॉ. पंजाबराव देशमुख जैविक शेती मिशन अकोल्यातून सुरू झाले आणि पुढे त्याची व्याप्ती राज्यभर वाढवण्यात आली. आता त्याला तपासणीची, खरेदीची आणि आरोग्य खात्याची जोड हवी. फवारणीच्या हंगामात प्रत्येक जिल्हा रुग्णालयात कोलिनएस्टरेज तपासणी आणि पुरेसे अॅट्रोपिन असणे, ही त्या जोडीची पहिली कसोटी मानावी.

तोवर घरी काय करावे?

धोरणे पिकायला वर्षे लागतात आणि भाजी रोज आणावी लागते. शुश्रूषा करणाऱ्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. भाज्या-फळे वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावीत. खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटे ठेवून पुन्हा स्वच्छ धुतल्यास पृष्ठभागावरील काही अवशेष निघतात. जे औषध पिकाच्या आत भिनते ते धुऊन जात नाही. म्हणून एकाच भाजीवर भर न देता आलटून पालटून भाज्या आणाव्यात.

२. सेंद्रिय म्हणजे निर्जंतुक नव्हे. शेणखतावर वाढलेली पालेभाजी तितक्याच काळजीने धुवावी लागते. कर्करोगाचे उपचार किंवा स्टेरॉइड सुरू असलेल्या वृद्धांना कच्ची कोशिंबीर आणि कच्ची मोड आलेली कडधान्ये देऊ नयेत, वाफवून द्यावीत.

३. सेंद्रिय गूळ, सेंद्रिय मध, सेंद्रिय तूप यांवर 'सेंद्रिय' लिहिल्याने त्यांतील साखर आणि स्निग्धांश कमी होत नाहीत. मधुमेहींचे पथ्य तेच राहते. कोणताही सेंद्रिय रस किंवा चूर्ण सुरू केले म्हणून चालू गोळ्या बंद करू नयेत.

४. बंद पाकिटातील माल घेताना सेंद्रिय प्रमाणनाचे अधिकृत बोधचिन्ह आणि प्रमाणपत्राचा उल्लेख पाहावा. ओळखीच्या शेतकऱ्याकडून थेट घेत असल्यास त्याच्या शेतावर एकदा जाऊन यावे. ज्येष्ठांना ती सहलही होते.

५. घरात फवारणीचे औषध ठेवायचे असल्यास कुलपात ठेवावे. रिकाम्या डब्यांत पाणी, तेल किंवा धान्य कधीही भरू नये. घरातील कोणी खिन्न, अबोल झाले असेल तर ते औषध घरातून हलवावे आणि त्या व्यक्तीला डॉक्टरांकडे न्यावे.

६. फवारणीनंतर घाम, लाळ, मळमळ किंवा धूसर दिसणे सुरू झाल्यास अंगावरील कपडे काढून साबण-पाण्याने अंग धुवावे आणि औषधाच्या डब्यासह रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे. लिंबूपाणी किंवा ताक पाजून वाट पाहत बसू नये.

शेवटी ज्येष्ठ वाचकांना एक विनंती. आपल्यापैकी अनेकांनी रासायनिक खतांपूर्वीची शेती पाहिली आहे. शेणखताची उकिरड्यातील मुरवणी, ज्वारीत तुरीची ओळ, निंबोळीचा अर्क हे सारे आपल्या स्मरणात आहे. त्या काळी उपासमारही होती, हेही आपणच तरुणांना सांगू शकाल. येत्या ग्रामसभेत किंवा प्रभागाच्या बैठकीत आपण उठून एवढेच विचारावे : आपल्या अंगणवाडीची भाजी कोठून येते, आणि तिची तपासणी कोण करते?